सगळ्यात शेवटची गाडी

शेपूट घालणारी माणसं ढिगानं भेटतात. आपणहून शेपूट झालेला आणि वर त्याचा तोरा मिरवणारा माणूस मात्र अख्ख्या शहरात हा एकच. दर रविवारी सकाळी मोटरसायकलवाल्यांची जी टोळी बाहेर पडायची, तिच्यात सगळ्यात शेवटची गाडी याची. म्हणून नाव पडलं शेपूट. पुढे केस पिकले, तशी मंडळींनी मानानं 'राव' जोडला आणि झाले शेपूटराव. नव्या माणसाची ही हाक मारायला जीभ रेटायची नाही. मग तेच म्हणायचे, "अरे, लाजतोस काय? शेपूट नसेल तर जनावरानं माश्या कशानं हाकायच्या?"

धंदा सीटचा. बोळाच्या तोंडाशी एक लांबट खोली, तेच दुकान. दारापाशी रेक्झिनचे गुंडाळे उभे केलेले, मागच्या भिंतीला फोमच्या लाद्या, मधे शिलाईचं मशीन आणि मशीनवर वहिनी. वहिनी म्हणजे शेपूटरावांची बायको. सगळी टोळी तिला वहिनी म्हणते, तर आपण तरी वेगळं काय म्हणणार? फोम कापायचा त्यांनी, कव्हर शिवायचं तिनं, अशी वाटणी. गिऱ्हाईक आलं की शेपूटराव आधी त्याला उघड्या फोमवर बसवायचे. "असे ताठ नको, फोटो काढायचा नाहीये. संध्याकाळी दमून घरी जाता ना, तसे बसा." मग बाजूनं बघायचे, मागून बघायचे, खडूनं खुणा करायचे आणि लांब पात्याच्या सुरीनं फोमचा पातळ पातळ पापुद्रा उतरवायचे. पुन्हा बसवायचे, पुन्हा कापायचे. वहिनी मशीनवरून ओरडायची, "अहो, माणसाला घरी जाऊ द्याल का आज?" पण त्या सीटवर बसून लांबचा पल्ला मारून आलेला माणूस उतरताना कमरेला हात लावत नसे, हे तिलाही ठाऊक होतं. तोंडानं कबूल करेल तर ती वहिनी कसली!

दुकानासमोर एक बाक होता आणि त्या बाकावर दर संध्याकाळी जगातल्या सगळ्या मोटरसायकलींचा निकाल लागायचा. मुख्य भांडकुदळ तिघं. पहिला रेसर. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर मान खाली घालून बसायचा, पण बाकावर आला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. वर्षातून एकदोनदा खरोखरच्या ट्रॅकवर जाऊन पळवूनही यायचा. दुसरे मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा सारा जीव ॲव्हरेजमध्ये. एका लिटरमध्ये गाडी किती पळाली, हे ते बायकोचा वाढदिवस विसरून लक्षात ठेवायचे. तिसरी डॉक्टरीणबाई, दातांची डॉक्टर. तिची गाडी तिच्या दुप्पट वजनाची, आणि हवा मोजायचं मीटर कायम खिशात. कुणाचीही गाडी उभी दिसली की हिनं वाकून हवा बघितलीच म्हणून समजा.

"मऊ टायरची मजा तुम्हाला कळायचीच नाही," रेसर म्हणायचा. "दोन वळणं घेतली की तापतो आणि रस्ता असा धरतो, की सोडत नाही."

"आणि दोन महिन्यांत टक्कल पडतं," डॉक्टरीणबाई म्हणायची.

"पडू दे की! टायर काय पुरून ठेवायचाय?"

"तू पेट्रोल पितोस की गाडी पिते, तेच मला कळत नाही," मास्तर मधेच घुसायचे. "अरे, टाकी अर्धी ठेव. भरलेली टाकी म्हणजे उगाच वजन. उतारावर हात हलका ठेव. वाचलेला थेंब हा कमावलेला थेंब."

हेच मास्तर महिन्याआड कुठल्या तरी माळावर गाडी ढकलताना सापडायचे. मागून शेपूटराव यायचे, गाडीमागच्या पेटीतली पेट्रोलची बाटली काढायचे आणि साळसूद चेहऱ्यानं विचारायचे, "मास्तर, गणित चुकलं वाटतं?"

"गणित बरोबर होतं. वारा समोरून होता."

शेपूटराव या वादात फारसे पडत नसत. फोम कापता कापता ऐकायचे आणि अगदीच गळ्याशी आलं तर म्हणायचे, "टायर कुठलाही घाला रे बाबांनो. हवा बघा, आणि वळणावर डोक्यात दुसरं काही आणू नका." कुणीतरी एकदा विचारलं, तुम्ही कधी शर्यत मारली का? त्यांच्याआधी वहिनीच बोलली. "मारली तर! लग्नाआधी एकदा उतरले होते. हे पोचले तोवर झेंडा दाखवणारा झेंडा गुंडाळून चहाला गेला होता." बाकावर हसून हसून मुरकुंडी वळली. शेपूटराव सुरी पुसत म्हणाले, "पण पूर्ण केली की नाही? तिघं मधेच पडले होते. त्यांना विचारा."

आता तुम्ही म्हणाल, असा गोगलगाय माणूस, त्याचं एवढं कौतुक कशाला? अहो, पुढं पळायला काय लागतं? गाडी लागते आणि थोडी अक्कल कमी लागते. मागं राहायला जे लागतं, ते बाजारात मिळत नाही. टोळीचा नियम शेपूटरावांनीच घालून दिलेला होता. प्रत्येकानं आपल्या मागच्याला सांभाळायचं. आरशात तो दिसला पाहिजे. वळण आलं की थांबायचं, मागचा नजरेला पडला की मगच हलायचं. आणि शेपटानं कुणालाही ओलांडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. एकदा एक बाई नवी गाडी घेऊन आली होती. घाटात घाबरली आणि बैलगाडीच्या चालीनं निघाली. शेपूटराव दिवसभर तिच्या मागे. हॉर्न नाही, खुणा नाहीत, घाई नाही. वर पोचल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, "माझ्यामुळे तुमचा दिवस गेला." हे म्हणाले, "गेला कसा? इतका निवांत घाट मी कधी बघितलाच नव्हता." ती बाई आजही टोळीत आहे आणि आता घाटात गाणं म्हणत जाते.

रविवारचंच कशाला, रोजचंही तसंच. बाजारातून येताना वहिनी मागे बसायची, मांडीवर अंड्यांचा ट्रे. शेपूटराव ब्रेक असा लावायचे, की अंड्याला कळायचं नाही आपण थांबलो म्हणून. इतक्या वर्षांत एक अंडं फुटलं नाही. वहिनी शेजारणीपुढे नाक मुरडायची, "आमचे हे म्हणजे, चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो." पण दुसऱ्या कुणाच्या गाडीवर ती कधी बसली नाही. रिक्षातसुद्धा जीव मुठीत धरून बसायची.

या दोघांची भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. रविवार. वहिनीचा रविवार कधी तिचा झालाच नाही. आणि त्या रविवारी तर हद्द झाली.

तिच्या भावानं नवं घर बांधलं होतं, जवळच्याच गावात. त्यानं दोघांना रात्री जेवायला बोलावलं होतं. वहिनीनं महिनाभर आधी सांगून ठेवलं, शेपूटरावांनी मान डोलावली, सगळं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी रेसरचा फोन आला. दोन नवी पोरं येणार आहेत आणि मागे राहायला कुणी नाही. झालं! शेपूटराव कान खाजवत म्हणाले, "दुपार व्हायच्या आत येतो. आपली दुपारची बस गाठायची, एवढंच ना?"

"तुम्ही जा," वहिनी म्हणाली. "तुमच्या पुढं जाणाऱ्यांची तुम्हाला काळजी. जी घरात बसलीय तिची कशाला?"

सकाळी ते निघाले तेव्हा तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

निघतानाची एक गोष्ट तिच्या कानावर पडली होती. रेसरनं नवेकोरे टायर घातले होते. नवा टायर पहिल्यांदा निसरडा असतो, त्यावरचं तुकतुकीत साल घासून जाईपर्यंत गाडी सांभाळून चालवावी लागते. म्हणून पहिल्यांदाच तो पुढं न जाता मागं, शेपूटरावांच्या लगेच पुढं राहणार होता. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अरे, पण तुझ्या गाडीला आरसे कुठंयत?" रेसरनं ते आधीच्या आठवड्यात काढून टाकले होते. ट्रॅकवरच्या गाड्यांना नसतात ना, म्हणून. हवा अडते म्हणे! शेपूटरावांनी दुसऱ्या कुणाचं हे ऐकून घेतलं नसतं. जाऊन आरसे लावून ये, असं सांगून घरी पाठवलं असतं. पण रेसरच्या मागं तेच स्वतः होते ना! ते हसले आणि म्हणाले, "असू दे. मागे मी आहे. तू पुढचं बघ." नियम घालणाऱ्यानं स्वतःपुरता नियम सोडला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपार व्हायच्या आत बोळात गाड्यांचा धडधडाट झाला. वहिनी ठेवणीतले कपडे घालून, पिशवी भरून दुकानात बसली होती. तिनं मान वर केली नाही. हेल्मेटं निघाली, बाकावर मंडळी बसली, चहा आला. नव्या पोरांना सगळं सांगायची चढाओढ लागली.

"नवा टायर होता म्हणून सांगतो, एका वळणावर असा सरकला ना..." रेसर.

"हवा जास्त भरली असशील. दाखव बघू," डॉक्टरीणबाई.

"तुम्ही दोघं राहू द्या. आज माझं ॲव्हरेज ऐका," मास्तर.

वहिनीला आपल्या माणसाचा आवाज त्यात ऐकू आला नाही. येत असतील मागून, नेहमीसारखे. ती विचारणार नव्हती. आज तर मुळीच नाही. बस गेली तर गेली, पण आपण होऊन 'हे कुठंयत' म्हणायचं आणि त्या सगळ्यांनी हसायचं, छे! तिनं मशीनवरचं एक कव्हर ओढलं आणि शिवत बसली. बाहेर टायरवरून पेटलं, पेट्रोलवर आलं, शर्यतींवर गेलं. दुसरा चहा आला. शिवणीला शिवण लागेना. दोरा तुटला. तिनं तो ओवला, पुन्हा तुटला. मग मात्र ती उठून दारात आली.

"आमचे कुठंयत?"

"मागे आहेत," रेसर सहज म्हणाला.

"मागे म्हणजे कुठं?"

रेसरनं मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी डॉक्टरीणबाईकडे. इतका वेळ सगळे एकच समजून चालले होते, की शेपूटराव मागे आहेत. ते मागे असायचेच. त्यांच्याबद्दल काळजी करायची सवयच कुणाला नव्हती.

"माझ्या मागे गाडीचा आवाज येत होता," रेसर अडखळत म्हणाला. "शेवटच्या वळणापर्यंत येत होता. मला वाटलं त्यांचीच."

"बघितलंस?"

त्यानं मान खाली घातली. वहिनीनं फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ते उचलायचे नाहीत हे खरं, पण इतका वेळ कोण चालवतं? तिनं बाकावरचं एक हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं आणि रेसरला म्हणाली, "चल."

"वहिनी, मी बघून येतो ना. तुम्ही कशाला..."

"तुझं बघणं बघितलं. चल म्हणते ना!"

रेसरच्या गाडीची मागची सीट म्हणजे नावापुरती. तिनंच शिवली होती, आणि तेव्हाच म्हणाली होती, की यावर मांजरसुद्धा बसायचं नाही. आज त्यावर बसली. मागून डॉक्टरीणबाई निघाली. मास्तर आधी पंपाकडे पळाले आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकी गळ्यापर्यंत भरून आले.

शहर सुटलं तसा रेसरच्या हातून ॲक्सिलरेटर पिळला गेला. वहिनीनं पाठीत एक धपका घातला.

"हळू."

"वहिनी, वेळ जातोय."

"हळू म्हटलं ना! पळत सुटलास तर दिसणार काय, कपाळ? ते चालवतात तशी चालव."

मग तो खरंच तसा चालवू लागला. ती एकदा डावीकडचा उतार बघायची, एकदा उजवीकडची झुडपं. प्रत्येक उभ्या गाडीपाशी ती मान वळवून बघायची. आपण सकाळी वर बघितलं नाही, हे तिच्या डोक्यातून जाईना. देवा, एवढं बोलणं माझं शेवटचं ठरू देऊ नकोस, असं ती हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होती आणि रेसरला ते ऐकू जात होतं.

घाट उतरून गेल्यावर एका वळणाच्या अलीकडे रेसरनं वेग आणखी कमी केला. "इथंच सरकला होता टायर. नवा म्हणून मी सोडून दिलं." रस्त्यावर डिझेल सांडलं होतं. कुठल्या तरी ट्रकची टाकी गळत गेली असावी. काळपट पट्टा वळणभर पसरला होता आणि त्यावर कुणीतरी हातानं माती टाकली होती.

"थांब," वहिनी म्हणाली. उतरली. तिनं बघितलं, माती पट्ट्याच्या अर्ध्यावर येऊन थांबली होती.

"कुणीतरी चांगल्या माणसानं टाकलीय," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"अर्धीच टाकलीय," वहिनी म्हणाली. "आमचे हे अर्धं काम टाकून जात नाहीत." आणि तिनं कडेला धावत जाऊन हाक मारली, "अहो!"

खालून आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "इकडं. जपून उतर, भुसभुशीत आहे."

रस्त्याच्या कडेला खोलगट चर होता, वरून जाणाऱ्याला न दिसणारा. त्यात शेपूटराव उताणे आणि त्यांच्या पायावर आडवी गाडी. झालं होतं असं, की मागून येणारा दुसरा कुणी पडू नये म्हणून ते माती टाकायला थांबले. घाईत गाडी मऊ मातीत स्टँडवर लावली. चराच्या कडेची माती ओंजळीनं भरत असताना स्टँड रुतला आणि गाडी त्यांना घेऊन खाली गेली. फोन गाडीच्या पेटीत, हात पोचत नव्हता. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकून सदरा पार भिजला होता. गाडी पडली तेव्हा इंजिन तापलेलं होतं, एक ठिणगी पुरली असती.

रेसर, डॉक्टरीणबाई आणि मागून धापा टाकत आलेले मास्तर, तिघांनी मिळून गाडी उचलली. पाय गुडघ्याखाली मोडला होता. डॉक्टरीणबाईनं दोन काठ्या आणि स्वतःची ओढणी घेऊन तो बांधला आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. रेसर एका बाजूला उभा राहून रडत होता. शेपूटराव त्याला म्हणाले, "अरे, चालती गाडी मी आयुष्यात पाडली नाही. उभी पाडली. तू कशाला रडतोस? ती अर्धी राहिलेली माती टाक आधी, कुणी येईल." रेसर वर गेला आणि दोन्ही हातांनी माती टाकू लागला. मास्तरही त्याच्या मागे गेले.

वहिनी चरात त्यांच्या उशाशी बसली. डोकं मांडीवर घेतलं. पेट्रोलनं डोळे झोंबत होते, निदान ती तसं म्हणाली.

"भीती नाही वाटली?"

"पेट्रोल गळायला लागलं तेव्हा वाटली. खूप वाटली," ते म्हणाले. "ओरडून बघितलं, पण गाड्यांच्या आवाजात कुणाला जातंय! मग म्हटलं, मंडळी आता पोचली असतील. त्यांना काही सुचायचं नाही, टायरवरून भांडत बसतील. पण तू आहेस. मी दुकानापाशी उतरलेला दिसलो नाही, की तू पहिल्या झटक्यात विचारणार. मग जिवाला बरं वाटलं. पडून राहिलो."

वहिनीला हे ऐकवेना. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं तिनं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही.

"मी नाही विचारलं," ती म्हणाली. "सगळे आले तेव्हा तुम्ही नाही, हे मला कळलं होतं. रागात बसून राहिले. दोन चहा होईपर्यंत बसून राहिले. तुम्ही इथं असे पडलेले, आणि मी तिथं शिवत बसले होते."

वर रस्त्यावर माती पडल्याचा आवाज येत होता.

"तरीच," ते म्हणाले. "मला वाटलं, रस्त्यात गर्दी लागली असेल."

तेव्हा मात्र वहिनीचा बांध फुटला. डॉक्टरीणबाई शेजारी आहे याची लाज न धरता ती हमसून हमसून रडली. शेपूटरावांनी पेट्रोलनं भिजलेला हात तिच्या हातावर ठेवला आणि तो तसाच ठेवून पडून राहिले.

"विचारलंस ना शेवटी," ते म्हणाले. "इतकी माणसं होती. विचारलं तूच."

"यापुढं आधी विचारीन," ती नाक पुसत म्हणाली. "मग रागावेन."

"चालेल," शेपूटराव म्हणाले.